म्युऑनचं 'जी उणे दोन': प्रयोग जागचा हलला नाही, हलला तो हिशेब

३ जून २०२५ रोजी अमेरिकेतल्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेने एक आकडा जाहीर केला: ०.००११६५९२०७०५. म्युऑन नावाच्या कणाचं चुंबकत्व साध्या समीकरणातून निघतं त्यापेक्षा किती जास्त आहे, ते हा आकडा सांगतो. त्यातली अनिश्चितता एक अब्जात १२७ भाग, म्हणजे साधारण ८० लाखांत एक. प्रयोग मांडताना उद्दिष्ट १४० भागांचं ठेवलं होतं. काम त्याहून सरस झालं.

याच प्रयोगाचा पहिला निकाल एप्रिल २०२१ मध्ये आला तेव्हा जगभर मथळे झळकले होते. प्रयोग आणि सिद्धांत यांच्यात ४.२ सिग्माचं, म्हणजे अनिश्चिततेच्या ४.२ पट, अंतर होतं आणि कुठलातरी अज्ञात कण आपलं अस्तित्व दाखवतोय, अशी चर्चा होती. २०२५ मध्ये ते अंतर जवळपास नाहीसं झालं. गंमत अशी की या चार वर्षांत प्रयोगाचा आकडा जिथल्या तिथे राहिला. हलला तो दुसऱ्या बाजूचा आकडा, ज्याच्याशी प्रयोगाची तुलना होत होती. हे कसं झालं ते कळायला आधी मोजलं काय आणि मोजलं कसं ते बघावं लागेल. शिवाय बातम्यांनी सहसा वगळलेला हा मोजणीचा भागच या सगळ्या प्रकरणात जास्त रंजक आहे.

दोनाच्या पुढचं शेपूट

म्युऑनचा विद्युतभार इलेक्ट्रॉनइतकाच असतो, वस्तुमान मात्र सुमारे २०७ पट. तो टिकाऊ नाही. स्थिर असताना सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत त्याचा क्षय होतो. इलेक्ट्रॉनप्रमाणे त्यालाही स्पिन, म्हणजे स्वतःभोवती फिरल्यासारखा एक अंगभूत गुण, असतो आणि विद्युतभार असल्यामुळे तो एका छोट्या चुंबकासारखा वागतो. स्पिनच्या मानाने हे चुंबकत्व किती, ते 'जी' या संख्येने मोजतात.

डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणाप्रमाणे जी बरोबर २ यायला हवा. १९४७ मध्ये कुश आणि फोली यांनी इलेक्ट्रॉनवर मोजमाप केलं तेव्हा उत्तर २ पेक्षा किंचित जास्त निघालं. पुढच्याच वर्षी श्विंगरने कारण दिलं. कण कधीच पूर्ण एकटा नसतो. तो क्षणभरासाठी एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, बाहेर टाकतो आणि परत घेतो, आणि तेवढ्यानेही त्याचं चुंबकत्व थोडं बदलतं. हा बदल काढण्यासाठी श्विंगरने विद्युतबलाची ताकद सांगणाऱ्या 'अल्फा' या स्थिरांकाला दोन पायने भागलं. उत्तर आलं सुमारे ०.००११६. वरच्या आकड्याची सुरुवात बघा: तेच अंक.

म्हणून भौतिकशास्त्रज्ञ जीमधून २ वजा करतात आणि उरलेल्याला २ ने भागतात. प्रयोगाचं नाव 'जी उणे दोन' आहे ते यावरूनच. ०.००११६ नंतरचे अंक इतर सगळ्या क्षणिक कणांमुळे येतात: इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जुळा पॉझिट्रॉन यांच्या जोड्या, प्रोटॉन ज्यांचे बनतात ते क्वार्क, दुर्बल बल वाहणारे डब्ल्यू आणि झेड बोसॉन. निसर्गात एखादा न सापडलेला जड कण असेल तर त्याचाही वाटा याच अंकांत कुठेतरी असणार. अशा जड कणाचा परिणाम मोजल्या जाणाऱ्या कणाच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २०७ चा वर्ग सुमारे ४३,०००, म्हणून या कामासाठी म्युऑन इलेक्ट्रॉनपेक्षा तितक्या पटींनी संवेदनशील. टाऊ हा आणखी जड कण त्याहून सरस ठरला असता, पण तो सेकंदाच्या एक लाख-कोटीव्या भागाइतकाही टिकत नाही. त्याला साठवून मोजणार कसं?

एका फेरीला बारा अंश

चुंबकीय क्षेत्रात म्युऑनचा स्पिन भोवऱ्याच्या कलत्या अक्षासारखा गोल फिरत राहतो. म्युऑनला वर्तुळाकार कड्यात फिरवलं तर एकाच वेळी दोन गोष्टी घडतात: त्याची गतीची दिशा वळत राहते आणि स्पिनची दिशाही वळत राहते. जी बरोबर २ असता तर दोन्ही अगदी एकाच वेगाने वळल्या असत्या. सुरुवातीला स्पिन गतीच्या दिशेने असेल, तर तो कायम तसाच राहिला असता.

जी थोडा जास्त आहे म्हणून स्पिन पुढे जातो. फर्मिलॅबच्या कड्याची त्रिज्या ७.११२ मीटर आहे. त्यात प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणारा म्युऑन १४९ नॅनोसेकंदांत एक फेरी मारतो, आणि तेवढ्यात त्याचा स्पिन गतीच्या दिशेपेक्षा सुमारे १२ अंश पुढे सरकतो. साधारण २९ फेऱ्यांनंतर, म्हणजे ४.३७ मायक्रोसेकंदांनी, स्पिनचा एक अख्खा वळसा जास्तीचा झालेला असतो. प्रयोगाला हीच वारंवारता मोजायची असते.

यातली युक्ती लक्षात घ्यायला हवी. जी थेट मोजला असता तर त्यातले २ आधीच माहीत आहेत आणि आपल्याला हवा तो भाग जेमतेम हजारात एक. मोजणीची बहुतेक अचूकता माहीत असलेल्या भागावरच खर्ची पडली असती. इथे दोन वारंवारतांमधला फरकच थेट हातात येतो आणि तो २ च्या वरच्या भागाच्याच प्रमाणात असतो. एका झटक्यात अचूकतेत आठशेहून जास्त पटींचा फायदा.

ही वारंवारता त्या भागाच्या आणि चुंबकीय क्षेत्राच्या गुणाकारावर अवलंबून असते. म्हणजे दोन गोष्टी मोजायच्या: स्पिन किती वेगाने पुढे सरकतो आणि म्युऑन फिरतात तिथे चुंबकीय क्षेत्र किती आहे. दोन्ही अब्जात शंभर भागांच्या आसपास बिनचूक हव्यात. एकीत ढिलाई झाली तर दुसरीतली मेहनत फुकट.

कड्याचा प्रवास

ही पद्धत युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेत घडली. १९५९ ते १९७९ या काळात तिथे एकापाठोपाठ तीन प्रयोग झाले. पुढे अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेने अतिसंवाहक वेटोळ्यांचं मोठं चुंबकीय कडं बांधलं, १९९७ ते २००१ या वर्षांत मोजमाप केलं आणि २००६ मध्ये अंतिम अहवाल दिला. अनिश्चितता दहा लाखांत ०.५४ भाग. तो आकडा सिद्धांताशी नीट जुळत नव्हता, पण शोध म्हणावा इतका दूरही नव्हता. पुन्हा मोजण्याला पर्याय नव्हता आणि त्यासाठी हवा असलेला म्युऑनचा जोरदार झोत फर्मिलॅबमध्ये मिळणार होता.

मग कडंच तिकडे न्यायचं ठरलं. लोखंडाचे तुकडे सुटे करून नेता आले. वेटोळी मात्र अखंड गुंडाळलेली, सुमारे १५ मीटर रुंद. ती कापता येत नाहीत आणि काही मिलिमीटरपेक्षा जास्त वाकली तर निकामी होऊ शकतात. २०१३ च्या जून-जुलैत ती तराफ्यावर चढवून न्यूयॉर्कजवळच्या किनाऱ्यावरून निघाली, फ्लोरिडाला वळसा घालून नद्यांच्या मार्गाने इलिनॉयला पोचली आणि शेवटचा टप्पा एका खास ट्रकने पार पडला. एकूण सुमारे ५,००० किलोमीटर.

म्युऑन आणायचे आणि आत टिकवायचे

आधी प्रोटॉनचा झोत निकेलच्या मिश्रधातूच्या लक्ष्यावर आदळतो. त्यातून इतर कणांबरोबर पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात. वाटेत पायॉनचा क्षय होऊन म्युऑन आणि न्यूट्रिनो तयार होतात. न्यूट्रिनोचा स्पिन त्याच्या गतीशी ठरावीक बाजूनेच जुळलेला असतो, त्यामुळे जोडीला निघालेल्या म्युऑनचा स्पिनही बांधला जातो. योग्य ऊर्जेचे म्युऑन निवडले की सुमारे ९५ टक्के स्पिन एकाच दिशेला मिळतात, तेही आयते. हे मिश्रण एका जोडकड्यातून चार फेऱ्या फिरवतात. तेवढ्यात उरलेल्या पायॉनचा क्षय होतो, आणि सोबत आलेले प्रोटॉन हळू असल्यामुळे मागे पडतात, ते वेगळे काढता येतात.

मुख्य कड्यात शिरणं सोपं नाही. कड्याचं १.४५ टेस्लाचं क्षेत्र बाहेरून येणाऱ्या कणांना दाराशीच वळवून टाकेल. म्हणून प्रवेशाच्या ठिकाणी इन्फ्लेक्टर नावाचा अतिसंवाहक चुंबक बसवलेला असतो; आपल्या अरुंद बोळापुरतं तो मुख्य क्षेत्र रद्द करतो. त्यातून आलेले म्युऑन योग्य कक्षेपासून ७७ मिलिमीटर बाजूला असतात. तसेच सोडले तर एक फेरी मारून ते पुन्हा इन्फ्लेक्टरवरच आदळतील. ते टाळायला 'किकर' नावाचे तीन चुंबक त्यांना पहिल्याच फेरीत हलका धक्का देऊन मधल्या कक्षेवर आणतात. हा धक्का १४९ नॅनोसेकंदांच्या आत येऊन संपायला हवा. जास्त रेंगाळला तर तेच म्युऑन दुसऱ्या फेरीत पुन्हा ढकलले जातील. मोजणीच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत (या फेऱ्या कड्यातल्या नव्हेत, मोजणीच्या हंगामांच्या) किकर पुरेसा जोर लावू शकत नव्हता आणि झोत मध्यापासून थोडा सरकलेला राहायचा. तो पूर्ण ताकदीवर आला तेव्हा झोत जागेवर बसला.

आता म्युऑन वर-खाली भरकटू नयेत म्हणून त्यांना सांभाळणं आलं. चुंबकीय क्षेत्रात फेरफार करून हे करता येत नाही, कारण ते क्षेत्र एकसारखं ठेवण्यावरच सगळा डोलारा उभा आहे. म्हणून विजेचं क्षेत्र वापरतात. पण वेगाने जाणाऱ्या म्युऑनला विजेचं क्षेत्र अंशतः चुंबकीय क्षेत्रासारखं जाणवतं आणि त्याचा स्पिन त्यानेही वळतो. यावरचा तोडगा सर्नच्या तिसऱ्या प्रयोगाने वापरला होता: म्युऑनचा संवेग ३.०९४ जीईव्ही (कणांची ऊर्जा आणि संवेग मोजायचं एकक) ठेवला तर हा परिणाम शून्य होतो. या संवेगाला 'जादुई संवेग' असंच म्हणतात. या वेगाला सापेक्षतेमुळे म्युऑनचं आयुष्य २९.३ पट लांबून ६४ मायक्रोसेकंद होतं, हा आणखी फायदा. तेवढ्यात सव्वाचारशेच्या वर फेऱ्या होतात.

अर्थात सगळ्या म्युऑनचा संवेग तंतोतंत जादुई नसतो आणि सगळे अगदी आडव्या पातळीतच फिरतात असंही नाही. मोजणीच्या पहिल्या फेरीच्या विश्लेषणात या दोन कारणांसाठी अनुक्रमे अब्जात ४८९ आणि १८० भागांच्या दुरुस्त्या कराव्या लागल्या. अंतिम अनिश्चितता १२७ भागांची आहे, हे लक्षात घेतलं तर त्या केवढ्या मोठ्या आहेत ते कळेल. अशा मोजणीत दुरुस्ती मोठी असली तरी बिघडत नाही. ती किती खात्रीने माहीत आहे याला महत्त्व असतं.

स्पिन दिसतो कसा

स्पिन थेट बघता येत नाही. या प्रयोगात धनभारित म्युऑन वापरले; त्यांचा क्षय झाला की एक पॉझिट्रॉन आणि दोन न्यूट्रिनो निघतात, आणि जास्त ऊर्जेचे पॉझिट्रॉन बहुतेककरून स्पिनच्या दिशेला बाहेर पडतात. हा दुर्बल बलाचा एकांगीपणा १९५७ मध्ये लक्षात आला आणि त्यामुळेच हा प्रयोग शक्य झाला.

पॉझिट्रॉनची ऊर्जा म्युऑनपेक्षा कमी असते, म्हणून तो कड्याच्या आतल्या बाजूला वळतो. तिथे २४ कॅलरीमीटर, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणारी उपकरणं, बसवलेले आहेत. प्रत्येकात लेड फ्लोराइडचे ५४ स्फटिक. पॉझिट्रॉन त्यात शिरला की प्रकाशाची एक झिळमिळ उठते आणि सिलिकॉनचे संवेदक तिची वेळ व ऊर्जा नोंदवतात. मग साधारण १.७ जीईव्हीच्या वरचे पॉझिट्रॉन किती आले ते वेळेनुसार मांडायचं. म्युऑन संपत जातात तसा आलेख उतरत जातो. पण स्पिन पुढच्या दिशेला असतो तेव्हा वेगवान पॉझिट्रॉन जास्त येतात आणि मागच्या दिशेला असतो तेव्हा कमी. म्हणून उतरत्या रेषेवर दर ४.३७ मायक्रोसेकंदांनी एक लाट. लाटांची वारंवारता काढली की अर्धं काम झालं. कागदावर तरी.

प्रत्यक्षात घात कुठे होतो? इथे एक नियम सगळ्याला लागू पडतो. जी चूक एका मोजणीचे पूर्ण ७०० मायक्रोसेकंद एकसारखी राहते ती निरुपद्रवी. समजा एखादा संवेदक सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऊर्जा पाच टक्के कमी दाखवतोय; मोजलेले पॉझिट्रॉन कमी होतील, लाटेची उंची बदलेल, वारंवारता मात्र तीच राहील. धोका असतो तो सुरुवात आणि शेवट यांच्यात बदलणाऱ्या चुकांचा. लाट हळूहळू पुढे किंवा मागे सरकत गेली तर गणिताच्या लेखी ती वारंवारताच बदलल्यासारखी असते.

आणि सुरुवात व शेवट यांच्यात बदलणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. आरंभी संवेदकांवर कणांचा मारा असतो, तेव्हा ते थोडे थकून कमी ऊर्जा दाखवतात. पुढे मारा ओसरला की सावरतात. हे पकडायला प्रत्येक स्फटिकावर लेझरच्या ज्ञात तेजाच्या चमका टाकून संवेदकाचा प्रतिसाद सतत तपासतात. आरंभीच दोन कमी ऊर्जेचे पॉझिट्रॉन एकाच क्षणी येऊन एक जास्त ऊर्जेचा वाटण्याची शक्यताही जास्त असते. तीही पुढे कमी होते. पहिले सुमारे ३० मायक्रोसेकंद तर विश्लेषणात घेतच नाहीत. झोत शिरतानाचा गोंधळ तोवर चालू असतो.

सगळ्यात बोलका किस्सा पहिल्या फेरीतला, म्हणजे २०१८ चा. झोत सांभाळणाऱ्या विजेच्या पट्ट्यांना उच्च विद्युतदाब पुरवणारे ३२ रोधक होते, त्यातले दोन खराब झाले होते. त्या पट्ट्यांवर दाब पुरेशा वेगाने चढत नव्हता. परिणामी मोजणी चालू असताना झोताची जागा आणि जाडी सूक्ष्म प्रमाणात बदलत राहिली. झोत सरकला की पॉझिट्रॉन संवेदकापर्यंत पोचण्याचं गणित बदलतं, आणि त्यासोबत लाटेचा टप्पाही. नेमका तोच, सुरुवात आणि शेवट यांच्यात फरक करणारा दोष. अब्जात १५८ भागांची दुरुस्ती करावी लागली आणि तिच्यातली अनिश्चितताच ७५ भागांची होती. पुढच्या दोन फेऱ्यांआधी रोधक बदलले. तिथे हीच दुरुस्ती २७ भागांवर आली आणि अनिश्चितता १३ वर.

व्हॅसलीनने मोजलेलं चुंबकीय क्षेत्र

वारंवारतेइतकंच क्षेत्र बिनचूक कळायला हवं. कड्याचं लोखंड १२ भागांत आहे आणि म्युऑनच्या मार्गाच्या वर-खाली मिळून ७२ ध्रुवखंड. क्षेत्र एकसारखं करण्यासाठी या खंडांचे कोन बदलले, मध्ये लोखंडी पाचरी सरकवल्या आणि लेझरने कापलेले हजारो पातळ लोखंडी तुकडे जागोजागी चिकटवले. महिनोन्महिने चाललेलं हे काम. ब्रुकहेवनच्या तुलनेत क्षेत्र सुमारे तिपटीने एकसारखं झालं.

मोजणीची पद्धत एमआरआय यंत्रातलीच: प्रोटॉन १.४५ टेस्लाच्या क्षेत्रात सुमारे ६१.७९ मेगाहर्ट्झने डोलतात, ती वारंवारता ऐकायची. प्रोटॉनचा नमुना म्हणून पाणी चाललं असतं, पण ते उडून जातं. म्हणून बहुतेक संवेदकांत पेट्रोलियम जेली, म्हणजे आपलं व्हॅसलीन, भरलेलं असतं. असे १७ संवेदक घेतलेली एक छोटी गाडी दर तीनेक दिवसांनी म्युऑनच्याच मार्गावरून कड्याची फेरी मारते आणि सुमारे ९,००० ठिकाणी क्षेत्र नोंदवते. गाडी आत असताना म्युऑन सोडता येत नाहीत, म्हणून मधल्या काळातले बदल वर-खाली बसवलेले ३७८ स्थिर संवेदक टिपत राहतात. शेवटी हे सगळं अतिशुद्ध पाण्याच्या एका संवेदकाशी ताडून बघतात.

इथला मुख्य शत्रू तापमान. दालन गरम झालं की लोखंड प्रसरण पावतं आणि क्षेत्र सरकतं. पहिल्या फेरीनंतर चुंबकाला जाड उष्णतारोधक आवरण घातलं आणि दालनाचं तापमान आवळून धरलं. दुसरा शत्रू कोणी सहज ओळखला नसता: विजेच्या पट्ट्यांना दाब दिला की त्या यांत्रिकपणे थरथरतात. धातूची पट्टी चुंबकीय क्षेत्रात थरथरली की तिच्यात प्रवाह निर्माण होतात आणि नेमकी म्युऑन मोजत असतानाच क्षेत्रात किंचित लहर उठते. पहिल्या फेरीत या एकाच गोष्टीची अनिश्चितता ९२ भागांची होती. पुढे खास संवेदक बनवून ही लहर कड्यात जागोजागी मोजली, तेव्हा ती आटोक्यात आली.

उत्तर माहीत नसताना केलेलं विश्लेषण

इतक्या दुरुस्त्या करणाऱ्या माणसाला अपेक्षित उत्तर माहीत असेल तर नकळत हात तिकडे वळतो. म्हणून प्रयोगाचं मुख्य घड्याळ मुद्दाम ४० मेगाहर्ट्झपासून थोडं बाजूला ठेवलं होतं. किती, ते प्रयोगात सहभागी नसलेल्या दोन व्यक्तींनाच माहीत आणि तो आकडा पाकिटात बंद. वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे विश्लेषण केलं. सगळ्या दुरुस्त्या ठरल्या, गोठवल्या, आणि मगच पाकीट उघडलं. नंतर काही बदलण्याची सोय नाही.

असे तीन निकाल आले. २०२१ मध्ये शेवटचे अंक ०४० (अनिश्चितता ५४), २०२३ मध्ये पहिल्या तीन फेऱ्यांचे मिळून ०५५ (२४) आणि २०२५ मध्ये सर्व सहा फेऱ्यांचे मिळून ०७०.५ (१४.८). सोयीसाठी इथे ०.००११६५९२ हा समान भाग वगळून उरलेले अंक दिले आहेत. जुन्या ब्रुकहेवनचा आकडा ०८९ (६३) होता. वीस वर्षं, दोन प्रयोगशाळा, चार निकाल, आणि सगळे एकमेकांच्या अनिश्चिततेत बसणारे.

मग अंतर कुठे गेलं?

सिद्धांताच्या बाजूने हा आकडा काढायचा तर तीन वाटे येतात. फोटॉन आणि इलेक्ट्रॉनसारख्या कणांचा वाटा ९९.९९ टक्क्यांहून जास्त आहे आणि तो विलक्षण अचूक माहीत आहे. त्याच्या पाचव्या पायरीवरच १२,६७२ आकृत्यांची गणितं सोडवलेली आहेत. डब्ल्यू, झेड आणि हिग्ज यांचा वाटा छोटा, पण पक्का. तिसरा वाटा क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांचा, एक लाखात सुमारे सहा भाग. सिद्धांतातली जवळपास सगळी अनिश्चितता इथे आहे. कमी ऊर्जेला क्वार्कमधलं बल इतकं तीव्र असतं की पायरी-पायरीने बेरीज करण्याची नेहमीची पद्धत चालत नाही.

त्यावर दोन मार्ग आहेत. पहिला उधारीचा: इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळल्यावर पायॉनसारखे कण किती वेळा तयार होतात ते मोजायचं आणि त्या मोजमापावरून एका गणिती संबंधाने हवा तो वाटा काढायचा. २०२० मध्ये सिद्धांतवाल्यांनी एकत्र येऊन ठरवलेला अधिकृत आकडा याच मार्गाने आला होता. प्रयोगाच्या त्याच पट्टीवर मांडलं तर शेवटचे अंक उणे १९०, अनिश्चितता ४३. २०२१ मधलं ४.२ सिग्माचं अंतर या आकड्यापासून मोजलेलं होतं. दोन आकड्यांतला फरक दोन्ही बाजूंच्या एकत्रित अनिश्चिततेच्या किती पट आहे, ते सिग्मा सांगतो. पाच सिग्मा झाले की शोध मानायची रीत आहे. २०२३ चा निकाल याच जुन्या आकड्याशी ताडला तर पाच ओलांडले जात होते.

दुसरा मार्ग महासंगणकाचा. अवकाश आणि काळ यांची बारीक जाळी करून क्वार्कची समीकरणं थेट तिच्यावर सोडवायची. बीएमडब्ल्यू नावाच्या गटाने असा आकडा काढला आणि तो 'नेचर'मध्ये ७ एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे फर्मिलॅबच्या पहिल्या निकालाच्याच दिवशी, प्रसिद्ध झाला. तो प्रयोगाच्या बराच जवळ होता. त्या दिवशी मथळे फर्मिलॅबला मिळाले. आज मागे वळून बघितलं तर त्या दिवसाची जास्त महत्त्वाची बातमी हीच होती, असं म्हणायला हवं.

पुढे इतर गटांच्या जाळीवरच्या गणितांनीही तीच दिशा दाखवली. दरम्यान पहिल्या मार्गाला तडे जाऊ लागले. अमेरिकेतला बाबर आणि इटलीतला क्लोई या प्रयोगांची मोजमापं एकमेकांशी जुळत नव्हती, हे आधीपासून माहीत होतं. २०२३ मध्ये रशियातल्या नोव्होसिबिर्स्कच्या सीएमडी-३ प्रयोगाने दोन पायॉन निर्माण होण्याचं प्रमाण या सगळ्यांपेक्षा जास्त दाखवलं. इतक्या विसंगत मोजमापांची सरासरी काढणं अप्रामाणिक ठरलं असतं. म्हणून सिद्धांतवाल्यांच्या मे २०२५ च्या नव्या अहवालात मुख्य वाट्यासाठी ती बाजूला ठेवली आणि जाळीवरच्या गणितांचा आकडा घेतला. सिद्धांताचे शेवटचे अंक उणे १९० वरून ०३३ वर आले. अनिश्चितता ४३ वरून वाढून ६२ झाली.

आता जुन्या-नव्या सगळ्या प्रयोगांची सरासरी ०७१.५ (१४.५) आणि सिद्धांत ०३३ (६२). फरक एका सिग्मापेक्षाही कमी.

यावरून 'नवा कण नाहीच' असा निष्कर्ष काढणं घाईचं. सिद्धांताची अनिश्चितता प्रयोगाच्या चौपटीहून जास्त आहे. तेवढ्या जागेत बरंच काही लपू शकतं. शिवाय इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरींची जुनी मोजमापं आणि सीएमडी-३ यांच्यातला तंटा मिटलेला नाही. कुठल्यातरी विश्लेषणात चूक आहे, फक्त ती कुणाची आणि कुठे ते सापडलेलं नाही. फर्मिलॅबवर मात्र यात काही बालंट येत नाही. त्यांनी मोजलं ते बरोबर मोजलं.

तंटा सोडवायला तिसरा मार्ग म्हणून सर्नमध्ये म्युऑन-ई नावाचा प्रयोग आकार घेतोय. त्यात १६० जीईव्हीचे म्युऑन हलक्या मूलद्रव्याच्या पातळ लक्ष्यातल्या इलेक्ट्रॉनवर आदळवून क्वार्कचा वाटा थेट विखुरण्याच्या कोनांवरून काढायचा आहे, पायॉन मोजण्याची गरजच नाही. प्रयोगाच्या बाजूने जपानच्या जे-पार्कमध्ये अगदी वेगळ्या बांधणीची तयारी चालू आहे. तिथे म्युऑन आधी जवळपास थांबवून थंड करतील आणि मग फक्त ०.३ जीईव्हीपर्यंत नेतील. झोत इतका आटोपशीर असेल की त्याला सांभाळायला विजेच्या क्षेत्राची गरज पडू नये. म्हणजे जादुई संवेगाची अट नाही, खराब होणारे रोधक नाहीत, थरथरणाऱ्या पट्ट्याही नाहीत. कक्षेचा व्यास १४ मीटरऐवजी ६६ सेंटिमीटर, क्षेत्र ३ टेस्ला. त्यांच्या चुका फर्मिलॅबपेक्षा वेगळ्या असतील, आणि आकडा ताडून बघायला नेमकं तेच हवं आहे.